बरणी

सुखदेव बारापात्रे तिला बरणीच म्हणतो.
कागदोपत्री ती फँटम:
पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, पोटात बारीक सळ्यांचं रान,
सहा पोकळ गोळे, झाकणाला बारा स्क्रू.
"मॅडम, बरणी आणू काय वर?"
आणि पोटाशी धरून आणतो,
जिना चढताना पाऊल चाचपत.

स्क्रू समोरासमोरचे कसायचे, आळीपाळीने,
नाहीतर झाकण तोंड वाकडं करतं
आणि जे टेबलावर यायला नको
ते थेंब थेंब येतं.
हे खडतकर सरांनी शिकवलं.
बुडबुडा राहिला की चित्रात भोक पडतं, म्हणून
बरणी तिरकी धरून ते टिचक्या मारत बसायचे
बाळाचा ढेकर काढल्यासारखे.
शेवटचा बुडबुडा वर आला की म्हणायचे, "हं, झोपव आता."

चौदा मे. धंतोलीच्या गल्लीत सेहेचाळीस.
डिस्टिल्ड पाण्याचा कॅन रिकामा,
पुरवठेवाल्याचा फोन बंद.
मी नळाखाली धरली.
पेंचचंच पाणी, आपण पितो तेच.
काम झाल्यावर ओतायची राहिली.
खिडकीपाशी ठेवली, ऊन येतं तिथे.

जूनमधला शुक्रवार.
टेक्नेशियम घालून बरणी कॅमेऱ्याखाली.
पडद्यावर तळाशी एक कोर,
तापलेली, पिवळीजर्द,
जिथे काहीच साठायला नको तिथे.
"कॅमेरा गेला," कुणीतरी म्हणालं.
इंजिनीअर हैदराबादला. मंगळवारी येईल.

बाहेर बाकावर नऊ जण.
पवनीचे दशरथ हेडाऊ, जन्म हातमागावर गेलेला,
त्यांना नऊ वाजताच सुई दिलेली,
हाडांत मुरायला तीन तास.
दुसरी बाटली पाणी संपवून विचारतात,
"माह्या आंगातलं सरून त नाही जाईन नं, बाई?"
सरतच होतं.
सहा तासांत निम्मं, त्यांच्यातलं आणि बरणीतलं,
एकाच घड्याळानं.
"नाही बाबा," मी म्हटलं.

मग कुणाला न विचारता
बरणी चतकोर फिरवली.
कोर फिरली.
पुन्हा फिरवली. पुन्हा फिरली, बरणीबरोबर.
कोबाल्टची चादर कॅमेऱ्यावर ठेवून पाहिली:
सपाट, वाळलेल्या धोतरासारखी.
कॅमेऱ्याचा काही गुन्हा नव्हता.
दीड वाजता हेडाऊ आत गेले, त्यांच्या फासळ्या
एकेक करून उजळल्या.
त्या चित्राचं मी इथे काही सांगणार नाही.

बरणी मात्र लगेच उघडता येत नाही.
शिशाच्या विटांमागे साठ तास.
चिठ्ठी माझ्याच अक्षरात:
उघडू नये, सोमवार सकाळपर्यंत.
रविवारी घरी कूलर धुवायला काढला.
टाकीच्या बुडाशी तोच हिरवा लिबलिबीतपणा,
वाळ्याच्या ताटीलाही, बोटांत न धरता येणारा.
खरडत राहिले. किती वेळ, माहीत नाही.

सोमवारी मीटर धरला.
भिंतीची असते तेवढीच टिकटिक.
स्क्रू काढले, समोरासमोरचे.
फुटाळ्याच्या काठाला येतो तसा वास.
मऊ ब्रश; घासणी नको, चरे पडतात.
स्पिरिट नको, अ‍ॅक्रिलिक तडकतं.
सळ्यांमधून हिरवे धागे निघत राहिले,
त्यांनीच तर धरून ठेवलं होतं सगळं.
मग ब्लीचचे चार थेंब, डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळणं.
सुखदेव म्हणाला, "आमच्या घरी बरणी धुतली
की हिंगाची धुरी देतेत. अन् वल्ला हात लावला
त लोणचं ज्याचं त्यालेच खायला लावतेत."

वहीत रकाने: तारीख, दोष, कारण, उपाय.
कारणाखाली लिहिलं: शेवाळ.
सुखदेव खांद्यावरून वाचत होता.
"अन् पाणी कोनं भरलं थे?"
तो रकानाच नव्हता.

पट्टी घेतली. समासात एक उभी रेघ.
'पाणी कुठलं, कुणी.'
मागे पानं उलटून मे काढला.
चौदा तारखेसमोर:
नळ. मी, शालिनी ढाकुलकर.
पेन सरळ चालेना, पट्टीची धार ओली होती.
सुखदेव बरणी उपडी घालून
तिच्याखाली फडकं सारखं करत होता.